पलटण गल्लीत येत नसते!

"काकू, कपडे नंतर वाळत घाला. आधी भिंतीशी या. रविवारी आपल्याकडे पलटण येतीये!"

"कुठली? निवडणुकीची?"

"चेष्टा नका करू. कोपऱ्यावरच्या मेजरांची! काश्मीरचं संपलं त्यांचं. अख्खी पलटण परत येतीये. काटेपुरम चौकातून मिरवणूक आहे. मंडळाने डीजे सांगितलाय, फेटे सांगितलेत, घरटी पाचशे काढलेत. पोहे आपल्याकडे. म्हटलं काकूंना विचारू, आठशे माणसांना किती किलो भिजवायचे?"

"आठशे कुठून काढलेस?"

"आमच्या ह्यांनी मोबाईलवर बघितलं. एका बटालियनमध्ये साधारण तेवढे असतात म्हणे."

"असतात की. पण ते सगळे पिंपळे गुरवात येऊन करणार काय? डायनासोर पार्क बघणार? अगं, पलटण कुणाच्या गल्लीत येत नसते. फील्डची, म्हणजे सीमेकडची मुदत संपली की ती पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत जाते. हत्यारं, तंबू, भांडीकुंडी, कागदपत्रं सगळं गाडीत भरून. तिथे बस्तान बसलं की पोरांना पाळीपाळीनं रजा सुटते. आपला येणार तो एकटा. काळी ट्रंक घेऊन पुणे स्टेशनला उतरेल आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करत घर गाठेल. पोहे पाच किलो कर, तेही उरतील. आणि मेजर नाही गं, हवालदार आहे तो."

"सगळे मेजरच म्हणतात की."

"म्हणू देत. आमच्या साताऱ्याकडे सैन्यातून आला तो मेजरच. कालचा रंगरूटसुद्धा."

"पण काकू, फ्लेक्स लागलाय ना! 'शूर पलटणीचे हार्दिक स्वागत'."

"बघितला. वर सतरा शुभेच्छुक, सगळे हात जोडून. जवान खालच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढा. त्याच्या बायकोनंच मला दाखवला, 'काकू, हे बघा आमचे हे.' नाहीतर मला वाटलं तो फ्लेक्स छापणाऱ्याचा फोटो आहे."

"तुम्हाला कशाचं कौतुकच नाही. इंग्लिश पिक्चरमध्ये बघा, बोट धक्क्याला लागते, बायकापोरं झेंडे घेऊन उभी, बँड वाजतो…"

"त्यांची येतही असेल तशी. आपल्याकडे माणसं एकेकटी येतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. अगं, माझं माहेर अपशिंग्याच्या अंगाला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं कामी आली. इंग्रजांनी तिथे स्मारकाचा दगड बसवला. आज गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. पिढ्यान्‌पिढ्या पोरं पलटणीत. तिथे यष्टीतून उतरणाऱ्या प्रत्येकाची वरात काढायची म्हटली तर गावाला दुसरा धंदा उरायचा नाही. आमच्याकडे एवढं मात्र होतं, की ज्याचा गडी पलटणीत, त्याच्या रानातली पेरणी भावकी उरकायची. हार नाही, तुरा नाही."

"इथं कुणाची पेरणी आलीये? आम्ही लातूरचं रान सोडूनच आलो इकडं. आणि आपण काही करत नाही असं नका म्हणू. गेल्या दिवाळीला महिला मंडळानं फराळ नाही का पाठवला?"

"पाठवला. चकल्या पाठवल्या! नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 56 एपीओ, असा पत्ता. गावाचं नाव नाही, तालुका नाही. ते टपाल आधी दिल्लीला जातं, पूर्वेकडच्यांचं 99 एपीओ असेल तर कोलकात्याला, आणि तिथून सैन्याची टपालवाली माणसं ते डोंगरावर चढवतात. एवढ्या चढउतारात चकली टिकते होय? पोरांनी चमच्यानं खाल्ली म्हणे. यंदा बेसनाचे लाडू नि शंकरपाळे घाल, आणि डबा पत्र्याचा घे."

"बघा, म्हणजे चूक चकलीची. भावना चांगलीच होती ना?"

"भावना सोन्यासारखी. पण आधी विचारावं माणसानं, बाबा रे, तुला काय लागतं? ते पुण्यातलं चिथडे जोडपं बघ. सियाचीनला पोरांना श्वास घ्यायला हवा पुरत नाही, तिथे ऑक्सिजन तयार करणारं यंत्र हवंय, हे त्यांना कळलं. सुमेधाताईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि मग लोकांपुढे हात पसरला. 2019 मध्ये ते यंत्र तिथे उभं राहिलं. नाहीतर मुंबईच्या अनुराधाताई प्रभुदेसाई. 2004 साली सहलीला म्हणून कारगिलला गेल्या, तिथली पोरं बघितली आणि 'लक्ष्य फाउंडेशन' काढलं. राख्या घेऊन माणसांना थेट तिकडेच घेऊन जायला लागल्या. आणि कुपवाड्यात 41 राष्ट्रीय रायफल्सच्या मराठा पोरांना महाराजांचा पुतळा हवा होता. 'आम्ही पुणेकर' संस्थेनं तो पार तिकडे पोचवला, 2023 मध्ये बसला. समोरच्याला हवं होतं ते दिलं, म्हणून ते पोचलं."

"बरं, मग कोपऱ्यावरच्यांना काय हवंय? तुम्ही विचारलंत वाटतं!"

"विचारलं. काल भाजी निवडता निवडता बसले होते हवालदाराच्या बायकोपाशी. ती म्हणाली, 'काकू, डीजे नको. सुतळी बॉम्ब तर अजिबात नको. खोऱ्यातून येतायत ते. दोन दिवस झोपू देत त्यांना.'"

"अगं बाई! हे आमच्या डोक्यातच नाही आलं."

"येईल कसं? मागच्या पावसाळ्यात तिच्या धाकट्याला डेंग्यू झाला, ते तरी कुणाच्या डोक्यात आलं? रात्री पोराला उचलून एकटी रिक्षानं खडकीच्या एमएचला, लष्कराच्या दवाखान्यात गेली. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. आपल्या गल्लीत चारचाक्या लावायला जागा नाही म्हणून रोज भांडणं, आणि त्या रात्री एकही चाक हललं नाही. मीही नऊला गोळी घेऊन झोपलेली. शाळेत वडलांची सही पाहिजे, घरमालकाला अकरा महिन्यांचा करार नवा करायचाय, सिलिंडर संपलाय, सगळं तिनंच ओढलं. नवरा सीमेवर नि ही इथं, दोघांचीही ड्युटीच की. नंतर धावून गेले ते फक्त सुभेदारसाहेब."

"ते खडकीच्या सॅपर्समधले पेन्शनर? मला वाटायचं ते नुसतं पेपर वाचतात."

"पेपर वाचतात म्हणूनच माहिती असते. 2020 पासून राज्यात माजी सैनिकांना राहत्या घराचा मालमत्ता कर माफ आहे, हे आपल्या लायनीतल्या दोघा पेन्शनरांना त्यांनीच सांगितलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणायला स्वतः बरोबर गेले. आता ह्या हवालदाराच्या मागे लागलेत. दोन वर्षांत तो पेन्शनवर येईल, चाळिशी उलटायच्या आत! मग काय, चाकणच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा राहणार? ते म्हणतात, आत्ताच एखादा कोर्स कर. कंपन्यांत इतकी माणसं आहेत आपल्या गल्लीतली, आमच्या शेजाऱ्याला स्टोअरमध्ये, मेंटेनन्समध्ये घ्या, असा शब्द कुणी टाकेल का?"

"आमचे हे टाकतील. एचआरमध्येच आहेत ते. पण काकू, म्हणजे मिरवणूक रद्द? मी नऊवारी काढलीये इस्त्रीला."

"नेस की! दारात ओवाळ, फेटा बांध, पोहे खाऊ घाल, पोरांना त्याच्याशी बोलू दे. त्याला आनंदच होईल. फक्त डीजेचे पैसे वाचतील ते ठेव बाजूला. 7 डिसेंबरला ध्वजदिन असतो. 1949 पासून चालत आलाय. आपण काय करतो, पोरगं छोटा झेंडा घेऊन आलं की दहाची नोट देऊन दार लावतो. यंदा गल्लीची म्हणून पावती फाडू."

"मंडळाची पोरं ऐकणार नाहीत. डीजेवाल्याला ॲडव्हान्स गेलाय."

"गणपतीत वळता करून घ्या. त्यांना सांग, गाडीवाल्या पाच जणांनी आपले नंबर लिहून द्या. रात्रीबेरात्री कुणाला उठवायचं, फॉर्म कोण भरणार, शाळेत कोण जाणार, नीट मराठीत लिही आणि तिच्या फ्रिजवर चिकटव. रजा संपली की तो परत जाणार, तेव्हा तो कागद लागणार आहे."

"लिहिते. पहिला नंबर आमचा टाकते."

"टाक. आणि अगं, औंध कॅम्प हाकेच्या अंतरावर, कॅन्टीन जवळ, दवाखाना जवळ, म्हणून नवी सांगवी नि पिंपळे गुरवात अशी भाड्यानं राहणारी घरं गल्लोगल्ली आहेत. पलीकडच्या लायनीतल्या बायकांनाही सांग. जवान घरी आल्यावर हार घालायला सगळेच येतात. तो नसताना त्याच्या घरची बेल वाजवून 'काही लागतंय का' विचारा, त्यालाच मी सैनिकांना मदत म्हणते."