पाच सेंटिमीटर

नोटरी व्हायचं तर आधी दहा वर्षं वकिली करावी लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना सात. 1956 च्या नियमांनी नोटरीच्या शिक्क्याचा आकारसुद्धा ठरवून दिलाय: गोल, व्यास 5 सेंटिमीटर. हा नियम देशभर निष्ठेने पाळला जातो. कोर्टाबाहेरच्या कुठल्याही टेबलावर पट्टी घेऊन जा, पाचाचे सव्वापाच व्हायचे नाहीत. शिक्का उमटतो तेव्हा सही करणारा कुठे असतो, हा प्रश्न तेवढा विचारू नये. तो लोकलमध्ये लटकलेला असतो, दुबईत असतो, क्वचित वैकुंठात असतो. कागदावर मात्र नोटरीसमोर हजर! शेजारी 'मी यांना व्यक्तिशः ओळखतो' म्हणून एका वकिलाची सही. ओळख आधारच्या झेरॉक्सशी. नोंदवहीत सहीची जागा कोरी, कारण 'पार्टी येऊन करून जाईल'. मग दहा वर्षं कशासाठी घातली? समोरचा माणूस तोच आहे का, कशावर सही करतोय हे त्याला कळतंय का, हे जोखायला. माणूसच नको असेल तर टायपिंग करणारा पोऱ्या शिक्का तितकाच गोल उठवतो.

यावर म्हणतात, फी तुटपुंजी, गर्दी फार, आणि घाई लोकांनाच असते. फी तुटपुंजी आहे, खरंच. ती वाढवून मागा की. पण कमी पैशात अर्धं काम केलं म्हणून शिक्का अर्धा उमटत नाही. नोटरीसमोर झालेलं मुखत्यारपत्र रीतसर झालंय असं कोर्ट आधी गृहीत धरतं. म्हणजे ज्या म्हातारीने त्या टेबलाचं तोंडही पाहिलं नाही, तिनेच जमीन गेल्यावर सिद्ध करायचं की आपण तिथे नव्हतो. नव्हतो हे कसं सिद्ध करतात, तेही त्या दहा वर्षांत शिकवत असतील तर तिला सांगा! आणि नोटरीने शिक्का मारून दिलेल्या सोडचिठ्ठ्या? लग्न लावणं किंवा मोडणं हे नोटरीचं काम नव्हे, हे 2024 मध्ये सरकारला लेखी कळवावं लागलं. कुणाला, तर वकिली करून केस पिकलेल्यांना. 'दोघं राजी होती' हा त्यांचा बचाव. राजी होती, तर कोर्टाची वाट दाखवायची होती. सल्ला द्यायला शिक्का लागत नाही. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेल्या बाईला पोटगी मागायला गेल्यावर कळतं की पहिलं लग्न मोडलेलंच नाही, आणि शिक्का मारणाऱ्याच्या वहीत तर तिचं नावही नसतं.