ब्रे गावचे पाद्रीबुवा

लंडनच्या पश्चिमेला थेम्सच्या काठी ब्रे नावाचं गाव आहे. सोळाव्या शतकात तिथे एक पाद्रीबुवा होऊन गेले. राजे बदलले, धर्म बदलला, बुवा जागेवरून हलले नाहीत. थॉमस फुलरचा इंग्लंडमधल्या नामवंतांवरचा ग्रंथ १६६२ साली छापून आला, त्यात त्यांची हकिकत आहे. इंग्रजीत ‘ब्रेचा व्हिकर’ म्हणजे ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

आठव्या हेन्रीला पोप काडीमोड देईना, तेव्हा १५३४ मध्ये त्याने पोपशीच काडीमोड घेतला. पाठोपाठ हुकूम सुटला, चर्चच्या पुस्तकांतून पोपचं नाव खोडा. देशभरच्या बुवांनी ते खोडलं. पण त्या वेळची काही पुस्तकं आजही शिल्लक आहेत, आणि त्यांत नावावरून रेघ इतकी नाजूक फिरलेली दिसते की खालचं अक्षर न् अक्षर लागतं. न जाणो, परत लागलं तर!

लागलंच. मधे १५४७ मध्ये नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला होता. त्याच्या राज्यात लॅटिन मिस्सा गेली, इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलं. ते तोंडात बसतंय न बसतंय तोच तीन वर्षांत दुसरं आलं. भिंतींवरच्या संतांना चुना फासला गेला, दगडी वेदी फोडून लाकडी टेबल मांडलं गेलं आणि पाद्र्यांना लग्नाची मुभा मिळाली. १५५३ मध्ये मेरी आली. टेबल बाहेर, वेदी आत, पोप आत आणि बायको बाहेर. लग्न केलेल्या पाद्र्यांना चर्चची जागा हवी असेल तर बायको सोडावी लागे. मग एलिझाबेथ आली आणि १५५९ मध्ये टेबल पुन्हा आत. गवंडी आणि सुतार यांचं या काळात बरं चाललं असावं.

बायकांचं काय? एलिझाबेथबाईंना पाद्र्यांची लग्नं मनातून रुचत नव्हती, पण त्यांनी ती चालू दिली. अट एवढीच, की नियोजित वधूची आधी बिशपने आणि दोन न्यायाधीशांनी चौकशी करावी. म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमाला एक बिशप, दोन मॅजिस्ट्रेट. पोह्यांची सोय कोणी केली, ते हुकुमात नाही.

आपल्या बुवांनी हे सगळं निमूटपणे पार पाडलं. आधी कॅथलिक, मग प्रोटेस्टंट, मग कॅथलिक, मग पुन्हा प्रोटेस्टंट. जवळच विंडसरला धर्मापायी माणसं जाळलेली त्यांनी पाहिली होती, आणि ती आग आपल्या प्रकृतीला मानवणार नाही असं त्यांचं मत पडलं होतं. कोणीतरी तोंडावर विचारलं, बुवा, तुम्हाला काही तत्त्व? बुवा म्हणाले, आहे की! ब्रेचा व्हिकर म्हणून जगायचं आणि ब्रेचा व्हिकर म्हणूनच मरायचं. ते मी कधी सोडलंय?

इथपर्यंत मीही हसतो. पण डेव्हनमधल्या मोअरबाथ या खेड्याच्या हिशेबाच्या वह्या आठवल्या की हसू जरा अडखळतं. तीसेक घरांचं, मेंढरांवर जगणारं हे गाव. तिथले व्हिकर ख्रिस्टोफर ट्रायचे. आडनावाचा उच्चार ‘ट्रिकी’ करतात, त्यात माझा हात नाही. चर्चचे जमाखर्च ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि गावाला वाचून दाखवत. कोणाकडे चर्चची किती मेंढरं, लोकर किती निघाली, मेणबत्त्यांना काय लागलं, सगळं त्यात आहे. मृतांच्या मिस्सेसाठी काळा झगा हवा, म्हणून त्यांनी पै-पैशाने सुमारे वीस वर्षं पैसे साठवले. झगा आला १५४७ मध्ये. आणि दोन वर्षांच्या आत मृतांची मिस्साच बंद झाली.

१५४९ मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हन-कॉर्नवॉलचे लोक उठले, तेव्हा मोअरबाथनेही एक्सेटरबाहेरच्या बंडखोरांच्या छावणीत पाच जण धाडले. त्यांचा खर्च गावाने केला आणि बुवांनी तो मेंढरांच्या हिशेबासारखाच वहीत मांडला. बंड चिरडलं गेलं. बुवांनी ते नवं पुस्तक वाचायला घेतलं. मेरीच्या राज्यात लोकांनी घराघरांत दडवलेल्या चर्चच्या वस्तू परत आणून दिल्या, त्याही बुवांनी आनंदाने टिपून ठेवल्या. नंतर एलिझाबेथचं टेबल आलं, तेही त्यांनी मांडून घेतलं.

याला सरडा म्हणायचं, तर त्या तीस घरांनाही म्हणावं लागेल. त्यांची बारशी, लग्नं, मर्तिकं कोणाच्याही राज्यात थांबली नाहीत, आणि ती करायला दरवेळी हाच माणूस दारात उभा होता. ब्रेचा बुवा खुर्चीला चिकटला होता, हे मान्य. ट्रायचे गावाला चिकटले होते. पण सरकारदरबारी दोघांची नोंद अगदी एकसारखीच होणार.

ट्रायचे १५२० मध्ये मोअरबाथला आले आणि १५७४ मध्ये व्हिकर असतानाच वारले. चौपन्न वर्षं, एकच चर्च.