तेहतीस अनारसे आणि तोरणमाळ

आमचं लग्न मे 2023 मध्ये झालं आणि मधुचंद्र जुलैत ठरला, कारण जुलैत मनालीची हॉटेलं निम्म्या दरात मिळतात. निम्म्या दरात का मिळतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी पडलो हिशेबनीस. स्वस्त दिसलं की माझी अक्कल बिनपगारी रजेवर जाते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बियास नदीने तिकडचा रस्ताच उचलून नेला. टीव्हीवर मोटारी वाहून जाताना बघत आम्ही दोघं कोथरूडच्या सोफ्यावर शेजारी-शेजारी बसलो होतो. आमच्या मनालीचा तेवढाच भाग पार पडला.

त्याच आठवड्यात खांडबाऱ्याहून सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, 18 तारखेपासून अधिक श्रावण लागतोय. धोंड्याचं वाण घ्यायला या."

फोन ठेवून बायको म्हणाली, "मग तिथूनच तोरणमाळला जाऊ."

"ते कुठे आलं?"

"आमच्या डोक्यावर," ती म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

सातवीच्या पुस्तकात महाबळेश्वरनंतर तोरणमाळचं नाव यायचं, एवढं मला आठवत होतं. ते पाठ केलं की एक मार्क मिळायचा. तिथे माणसं जात असतील असं कधी वाटलं नव्हतं. मी रात्रभर जागून एक्सेल शीट तयार केली. प्रस्थान, आगमन, अंतर, खर्च, पर्यायी खर्च, आणि एका रकान्यात 'निवांत वेळ (दोघांचा) : 5.30 ते 6.45'. कंसातला शब्द वाचून बायको बराच वेळ हसत होती.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने सुरत आणि तिथून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर. व्यारा, सोनगड मागे पडलं की डोंगर जवळ यायला लागतात आणि डब्यातली गुजराती हळूहळू मावची, कोकणी, अहिराणीत विरघळते. नवापूरला मी मुद्दाम उतरलो. या स्टेशनाच्या मधोमध महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. स्टेशन आधीचं, हद्द 1960 ची. त्यामुळे तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर गुजरातेत. एक बाक तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. गाडी थांबली होती तेवढ्यात मी बायकोला गुजरातेत बसवलं, आपण महाराष्ट्रात बसलो आणि सेल्फी काढला. लग्नानंतरचा आमचा पहिला विरह साधारण नऊ इंचांचा होता. पलीकडे दारूबंदी, अलीकडे गुटखाबंदी. तेव्हा नवरा कुठल्या बाजूला बसवायचा हे प्रत्येकीने ज्याचं-त्याचं व्यसन बघून ठरवावं. घोषणा चार भाषांत होतात. गाडी सुटत असल्याचं मला चौथ्या भाषेत कळलं.

खांडबारा म्हणजे पुढे चिंचपाडा सोडलं की लगेच. ओल्या फलाटावर मेहुणा छत्री घेऊन उभा होता. भोवताली भाताची खाचरं, मागे निळसर डोंगर, आणि छत्रीला न जुमानणारा पाऊस. घरी पोचल्यावर पाटावर बसवून, ओवाळून, सासूबाईंनी माझ्या हाती स्टीलचा डबा ठेवला. वर दिवा, आत तेहतीस अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून, गुळात मुरवलेले. तुपात तळताना जाळी सुटलेली, एका अंगाला खसखस. त्या दिवशी पुरणाचे धोंडे इतके खाल्ले होते की अनारशाकडे नुसतं बघूनही मला धाप लागली.

"सगळे तुम्हीच खायचे," सासूबाई म्हणाल्या. "जावयाच्या पोटात गेले तरच पावतात."

जेवणानंतर सासऱ्यांनी माझी शीट मागितली. चष्मा पुसून त्यांनी ती पंचायतीचा ठराव वाचावा तशी वाचली आणि खाली ठेवली. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. पेपर तपासताना तोंडावरची रेष हलत नव्हती.

"मुहूर्त चुकला तुमचा," ते म्हणाले. "होळीला आला असतात तर काठीची राजवाडी होळी दाखवली असती. रात्रभर ढोल, पहाटे होळी पेटते. दिवाळीत आला असतात तर अस्तंब्याच्या डोंगरावर गेला असतात, अश्वत्थाम्याच्या जत्रेला. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार." मधुचंद्राला घोडेबाजार कशासाठी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. "आता पावसात हिरवं दिसेल, पण धुकं आलं तर काहीच दिसणार नाही. पेट्रोल-डिझेल शहाद्याला भरा. पैसे रोख ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. घाट दिवसाउजेडी चढा. रात्री एखादी दरड आली की तिथेच मुक्काम."

बारा ओळींत त्यांनी माझे चौदा रकाने निकालात काढले. जीप त्यांनी आधीच ठरवली होती. "आणि आजीला तेवढं प्रकाशाला सोडा. अधिकात तापीचं स्नान घडेल तिला. तिथे माझा चुलतभाऊ आहे, तो परत आणून सोडेल."

आजेसासू कोपऱ्यात वाती वळत होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, डोक्यावर नऊवारीचा पदर, तोंडात दोन दात. त्यांनी मान डोलावली. त्यांचं सामान आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसलं होतं, हे सकाळी कळलं.

खांडबारा ते तोरणमाळ सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतं. नंदुरबारपर्यंत आजी झोपल्या. प्रकाशाला जाग्या झाल्या तर समोर तापी गढूळ, फुगलेली, घाटाच्या पायऱ्या चढत आलेली. वरच्या अंगाला हतनूरचे दरवाजे उघडले की खाली असं होतं. पोलीस कुणाला पाण्याजवळ जाऊ देईना. काशीला जाऊन आलं तरी प्रकाशाला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही म्हणतात. आजींची काशी झाली होती, बाकी होतं ते समोर ढवळून निघत होतं. त्यांनी लांबूनच हात जोडले, केदारेश्वराचं दर्शन घेतलं, माझ्या डब्यातून पाच अनारसे काढून दान केले, आणि जीपमध्ये पुन्हा येऊन बसल्या. चुलतसासरे न्यायला उभेच होते.

"आजी, उतरायचं ना?" बायकोने विचारलं.

"मी बी येस," आजी म्हणाल्या.

साठ वर्षं या डोंगराच्या पायथ्याच्या मुलखात काढली, पण तोरणमाळ बघितलं नव्हतं. भात, लेकरं, म्हशी, नवऱ्याचं आजारपण. आणि आता नातजावयाचा मधुचंद्र. ही शेवटची जीप होती. मी 'निवांत वेळ (दोघांचा)' हा रकाना मनातल्या मनात पुसला.

म्हसावदला चाक पंक्चर. दुकानदाराची तीन पोरं आणि तो स्वतः, असे चार अनारसे गेले. त्याने पैसे घ्यायला खळखळ केली, मी द्यायला नको तितकी घाई केली. राणीपूर सोडलं आणि सातपुडा अंगावर आला. सागाची पानं ताटाएवढी, प्रत्येक वळणाला एक धबधबा, त्यातले काही थेट रस्त्यावर. सातपायरीच्या घाटात नेमकी दरड आली होती. जेसीबी माती ओढत होता आणि दहा माणसं दगड हातानेच कडेला लोटत होती. तिथे दीड तास गेला. आजींनी पदर कमरेला खोचला, डबा घेऊन पावसात उतरल्या आणि एकेकाच्या हातावर एकेक अनारसा ठेवला. जेसीबीवाल्याला केबिनमध्ये हात वर करून दिला. अकरा गेले. त्यानंतर रस्ता अर्ध्या तासात मोकळा झाला. निविदा-बिविदा ठीक आहे, पण या खात्याकडे सरकारचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

वर पोचलो तेव्हा धुक्यात तोरणमाळ नव्हतंच. यशवंत तलाव आहे असं ड्रायव्हरभाऊ सांगत होते. मला फक्त ओलावा दिसत होता. मुक्कामाच्या ठिकाणी दोन खोल्या सांगितल्या होत्या. त्यातली एक गळत होती, उरली एक, तीत तीन खाटा. वहीत 'एकूण व्यक्ती : 3, कारण : पर्यटन' असं लिहिताना माझा हात जड झाला. शीटप्रमाणे सूर्यास्त 7.10 ला होता. 7.10 ला पांढऱ्याचं राखाडी झालं, आणि 7.30 ला वीज गेली.

स्वयंपाकघरात एक पावरा बाई चुलीवर भाकरी थापत होती. आजी तिच्याजवळ जाऊन बसल्या. तिची पावरी, यांची अहिराणी. दोघींना एकमेकींचं किती कळत होतं देव जाणे, पण हसणं अखंड चालू होतं. तिच्या पोरांना सहा अनारसे मिळाले. आजींनी स्वतः चहात बुडवून सहा खाल्ले. दात दोनच, त्यामुळे प्रत्येकाला दहा मिनिटं लागत होती. जेवण झाल्यावर बायको त्यांना न्यायला गेली, तर त्यांनी चुलीशेजारी पोतं अंथरलेलं.

"मी आठेच झोपसू. धुवाबिगर मले झोप नही येस."

खांडबाऱ्याच्या घरी गॅस येऊन बरीच वर्षं झाली. बायको काही बोलली नाही. कंदील घेऊन आम्ही खोलीत आलो, कडी लावली, आणि माझ्या लक्षात आलं की शीट जीपमध्येच राहिली होती. चुलीपाशी दोघी बायका मधूनच खळखळून हसत होत्या आणि पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की आम्हाला एकमेकांशी कानाला लागूनच बोलावं लागलं.

सकाळी सीताखाईच्या कठड्यापाशी गेलो. खाली शेकडो फूट खोल दरी आहे म्हणतात. पाणी कुठून तरी कोसळत असल्याचा आवाज खालून येत होता. समोर दूध ओतल्यासारखं धुकं.

"तुले काय दिखस?" आजींनी मला विचारलं.

"काहीच नाही, आजी."

त्या कठड्याला धरून, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या. मग पदराने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं आणि म्हणाल्या, "मले समदं दिखनं."

डब्यात एक अनारसा उरला होता. बायकोने आठवण केली, "तुझ्या पोटात गेला तरच पावतो." मी तो मोडला, अर्धा तिला दिला. तुपातला, पावसाने मऊ पडलेला. बोटांत भुगा झाला आणि माझा अर्ध्यातला अर्धा सीताखाईत गेला.

दुसऱ्या दिवशी खांडबाऱ्याला उंबऱ्यातच सासूबाईंनी रिकामा डबा हातात घेतला, झाकण उघडून बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "संपवले? सगळे? कसे झाले होते?"

मी चतकोर अनारशाच्या जोरावर तोंड उघडणार, तेवढ्यात आजी माझ्या पुढे होऊन ओसरीवर टेकल्या. "खसखस कमी पडनी," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी संध्याकाळी पुन्हा तांदूळ भिजत घातले.