पाय टेकले की लायसन

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. शेजारच्या अण्णांच्या चिरंजीवांना दहावीला 93 टक्के पडले होते. पेढ्यांच्या मागोमाग गाडी आली. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या मडगार्डवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडण्याचा मान चिरंजीवांना. तेव्हा त्यांचं वय पंधरा वर्षे आठ महिने.

मी भीत भीत विचारलं, "अण्णा, लायसन?"

"अहो, पाय टेकतायत की!" अण्णा म्हणाले.

आपल्याकडे लायसनचं वय हे असं मोजतात. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले की मुलगा सज्ञान. एकच पाय टेकत असेल तर कच्चं लायसन. तोवर बाबांच्या पुढे उभं राहून हॉर्न वाजवायचा. आरटीओत तरी आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. घरच्या परीक्षेत दूध आणून दाखवलं की पुरे.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात अठरा वर्षे असं स्वच्छ लिहिलेलं आहे. मात्र कायदा अगदीच निर्दय नाही. सोळाव्या वर्षीही लायसन मिळतं, पण विनागिअरच्या आणि 50 सीसीपर्यंतच्याच दुचाकीचं. म्हणजे आमच्या पिढीची लूना. 1972 साली आलेली, चढावर पायडल मारावं लागणारी. आज शोरूममध्ये जाऊन 50 सीसीची गाडी मागा. समोरचा पोरगा आधी तुमच्याकडे बघेल, मग मॅनेजरला बोलवेल. घरोघरची स्कूटर आता 110 सीसीची. कायद्याने मुलांना चालवायला दिलेली गाडी बाजारात नाही आणि बाजारातली कायद्यात बसत नाही. मधल्या मध्ये मुलाचा सकाळी सहाचा क्लास मात्र आहे.

सगळं घोडं त्या क्लासपाशी अडतं. अकरावीचं कॉलेज नावापुरतं आणि क्लास सहा किलोमीटरवर. बस कधी येते हे बसलाही ठाऊक नसतं. रिक्षावाला नाही म्हणण्यासाठीच थांबतो. अण्णांची ही अडचण खरी आहे, हे मान्य. पण म्हणून त्यांनी घरातल्या घरात आरटीओ उघडलं, आणि त्याची नियमावली मी दारात चप्पल घालता घालता ऐकली आहे. "फक्त क्लासपुरती हं." "हायवेला जायचं नाही." "चौकात मामा दिसला तर आतल्या गल्लीने घे." हेल्मेटचा विषय निघाला नाही. पुण्यात सुसंस्कृत घरांत तो काढत नाहीत.

2019 साली कायद्यात 199अ हे कलम आलं. मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, वर्षभरासाठी गाडीची नोंदणी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. शेवटची शिक्षा मला फार आवडली. जो पंधराव्या वर्षापासून लायसनवाचून सुखाने हिंडतो आहे, त्याला बजावायचं, खबरदार, आणखी दहा वर्षं लायसन देणार नाही!

पालकाला सुटायलाही वाट आहे. आपल्याला ठाऊक नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. अण्णांना ते जरा जड जाईल. हार घातलेल्या गाडीवर बसलेले चिरंजीव आणि शेजारी किल्ली उंचावून उभे असलेले अण्णा, असा फोटो तीन दिवस त्यांच्या स्टेटसला होता.

हे दुचाकीवाल्यांचं झालं. पैसा असला की पाय टेकायचीही अट राहत नाही, पेडलपर्यंत पोचले की झालं. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने काही तासांत त्याला जामीन दिला. अटींमध्ये एक होती, अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची. लोक खवळले, पुढे आदेश फिरला, पण तो निबंध काही माझ्या डोक्यातून जात नाही. या सदरासाठी दर आठवड्याला 500 शब्द लिहितो मी, आणि आजवर कुणाच्या अंगावर गाडी घातलेली नाही.

वय सोळा करावं, अठराच ठेवावं की एकवीस करावं, यावर कट्ट्यावर वाद चालू असतो. परवा अण्णांनीही मत दिलं. त्यांच्या मते वय एकवीसच हवं. "हल्लीची पोरं फार बेफाम चालवतात हो!"

त्यांच्या चिरंजीवांना आता सोळा वर्षे चार महिने झाले. लायसनला अजून वीस महिने आहेत. गाडीचं तिसरं सर्व्हिसिंग कालच झालं. आणायला तेच गेले होते, ट्रिपल सीट.