पौर्णिमेला जंत बाहेर येतात म्हणे!

वैनींनी फोटो टाकला हो! सकाळी साडेसहाला, सोसायटीच्या ग्रुपवर, कुणाच्या तरी ‘शुभ प्रभात’च्या गुलाबाला खेटून. सोबत एक ओळ : ‘बघा, माझ्या पोटातून काय निघालं!’ माझा चहा तिथेच निवला. आता यावर लोकांनी काय करावं? ग्रुप सोडावा? निदान डोळे मिटावेत? छे! धडाधड जोडलेले हात आले, एकाने ‘अभिनंदन’ लिहिलं, आणि तिघींनी विचारलं, ‘वैनी, लिंक टाका ना.’

जळगावात रिंग रोडवर आणि धुळ्यात देवपुरात सध्या हेच चाललंय. नाव इंग्रजी आहे, ‘पॅरासाइट क्लीन्स’. आपल्या भाषेत सांगायचं तर जंत काढणं. पण असं म्हटलं की कुणी चार आकडी पैसे मोजत नाही. आणि हे जंत कुणाला झालेत? आरओचं पाणी पिणाऱ्यांना, घरातसुद्धा चपला घालून फिरणाऱ्यांना, कोथिंबीर तीन पाण्यांनी धुणाऱ्यांना!

निदान कसं होतं, तेही ऐका. रीलवरची बाई लक्षणं मोजते : थकवा येतो, गोड खावंसं वाटतं, पोट फुगतं, डोळ्यांखाली काळं दिसतं, झोप नीट लागत नाही. पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेल्या मे महिन्यात भुसावळ-जळगावात ज्याला थकवा येत नाही असा एक माणूस मला दाखवा. आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या समोर आल्यावर ज्याला गोड नको वाटतं, त्यालाच खरं म्हणजे डॉक्टरकडे न्यायला हवं. आणि शेवभाजीची तर्री दोन वाट्या ओरपल्यावर पोट फुगलं, तर तो दोष जंतांचा कसा?

उपचार पौर्णिमेला सुरू करायचे. का, तर त्या रात्री जंत खवळतात आणि बाहेर पडायला बघतात! पंचांग बघून पोट साफ करणारी पिढी आमच्या डोळ्यांदेखत तयार झाली. वैनींचा बेत कोजागरीचा होता. गच्चीवर बाकीचे आटीव दूध पीत होते आणि त्या एका कोपऱ्यात पपईच्या बिया चावत बसल्या होत्या. सोबत लवंगेची पूड आणि कसल्याशा कॅप्सुला. डबीवर ‘ब्लॅक वॉलनट’, ‘वर्मवुड’ असली नावं.

या त्रिकुटाची कुळकथा तर फारच खमंग आहे. काळ्या अक्रोडाच्या फळाची साल, वर्मवुड आणि लवंग हे त्रिकूट गाजवलं हल्डा क्लार्क या बाईंनी. त्यांनी १९९३ मध्ये ‘द क्युअर फॉर ऑल कॅन्सर्स’ नावाचं पुस्तक काढलं. सगळे कॅन्सर एका चपट्या कृमीमुळे होतात आणि हे त्रिकूट घेतलं की बरे होतात, असा त्यांचा दावा. २००९ मध्ये बाई वारल्या. कशाने? मल्टिपल मायलोमाने. म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने! वैनींना हे सांगितलं, तर म्हणाल्या, ‘डोस चुकला असेल.’

आता फोटोतल्या त्या लांबलचक दोरीबद्दल. परदेशात या मंडळींनी तिला ‘रोप वर्म’ असं नाव दिलंय. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्यात ना तोंड सापडतं, ना अंडी. तो असतो आतड्यातला चिकट स्राव आणि न पचलेला चोथा. शिवाय अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा इसबगोल नाहीतर मुलतानीच्या जातीची माती असते. ती पोटात फुगते, चिकटते आणि दोरीसारखी बाहेर येते. म्हणजे पैसे देऊन जी गिळली, तिचाच फोटो काढून आपण ग्रुपवर टाकायचा!

वैनींच्या आजेसासूबाई धुळ्याहून आल्या होत्या. पक्क्या अहिराणी. बियांचा वाडगा पाहून म्हणाल्या, ‘माय वं! ह्या बिया ते आम्ही ढोरेसले बी टाकतस नही.’ मग सगळा प्रकार ऐकून घेतला, आणि : ‘तुन्हा पोटमा काहीच नही शे. जंत शेतस ते तुन्हा मोबाइलमा शेतस.’

आजींच्या बटव्यात काय नव्हतं? तान्ह्या बाळाच्या पाण्यात उकळायला वावडिंग, पोट दुखणाऱ्या पोराला डिकेमाली, किरमाणी ओवा, पळसाच्या बिया. चरकसंहितेत कृमींवरच्या औषधांत पहिला मान वावडिंगालाच आहे. आणि गंमत बघा, किरमाणी ओवा हा त्या डबीवरच्या वर्मवुडचा सख्खा चुलतभाऊ. त्यातून निघणारं सॅन्टोनिन एके काळी जगभरचे डॉक्टर जंतांवर देत असत. पुढे अधिक सुरक्षित औषधं आली आणि ते मागे पडलं. म्हणजे आजीच्या पुडीतली वस्तू सातासमुद्रापलीकडे जाऊन, कॅप्सूल अंगावर चढवून, चौपट भावाने नातसुनेकडे परत आली.

पपईच्या बियांना मात्र मी उगाच नावं ठेवणार नाही. नायजेरियात ६० मुलांवर केलेला एक छोटा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस जणांना वाळवलेल्या बियांची पूड मधातून दिली, तीस जणांना नुसता मध. बिया घेतलेल्यांपैकी २३ जणांच्या शौचातून परजीवी गेले, मधवाल्यांपैकी ५ जणांच्या. आकडे वाईट नाहीत. पण त्या संशोधकांनी एक काम आधी केलं होतं, जे आमच्या सोसायटीत एकानेही केलेलं नाही : पोरांची शौच तपासली होती. जंत आहेत हे कळल्यावर औषध दिलं. तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होते आणि त्या डबीच्या मानाने फुकटच म्हणायची. पण डबी घेऊन यायला मुलगा दारात येतो. लॅबमध्ये नमुना आपल्याला न्यावा लागतो, आणि तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? फोटो ग्रुपवर टाकताना न वाटलेली लाज नमुन्याची डबी हातात धरून चालताना वाटते.

वावडिंगाची एक बातमी मात्र हळू आवाजात सांगते. पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार यांचं समभाग चूर्ण जुन्या वैद्यकात कशासाठी सांगितलंय माहीत आहे? दिवस राहू नयेत म्हणून! आधुनिक संशोधकांनीही ते तपासून पाहिलंय. नुसत्या वावडिंगाच्या चिमटीने तसं होतं असं माझं म्हणणं नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नातवाची वाट बघत देवाला नवस बोलतायत आणि नवी सून ‘गट हेल्थ’साठी रोज उठून वावडिंगाचा काढा ढोसते, हे काकूंना कोण सांगणार? वर पुन्हा बाजारात वावडिंग म्हणून भलत्याच झाडांची फळंही खपतात. काढ्यात काय उकळतंय, ते त्या काढ्यालाच ठाऊक.

खरे जंत मात्र असे गच्चीवर चांदणं बघायला येत नाहीत. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, आतड्याला चिकटते आणि रक्त पिते. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात आईबापांमागे शेतात अनवाणी फिरणारं पोर निस्तेज दिसतं, लवकर दमतं, त्याच्या मागे हे असू शकतं. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती मातीतून हातावर आणि हातावरून तोंडात जातात. देशात १ ते १४ वर्षांची २४ कोटींहून अधिक मुलं या जंतांच्या टप्प्यात आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब होता. म्हणून फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. पहिल्या खेपेपासून महाराष्ट्र त्यात आहे. १० फेब्रुवारीच्या सुमारास अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, एक ते दोन वर्षांच्यांना अर्धी. बाईंसमोर चावून खायची, घरी न्यायची नाही. फुकट. ज्याच्या पोटात जंत जास्त त्याला थोडं मळमळतं, पोट दुखतं, आणि मग गावभर बोंब होते की गोळीने पोरं आजारी पडली.

वैनींनी शाळेत काय चिठ्ठी दिली असेल? ‘आमच्या मुलाला केमिकलची गोळी देऊ नये. आम्ही नॅचरल आहोत.’ त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंच्या मुलीने जिल्हा परिषदेच्या शाळेत ती गोळी कडकडा चावली आणि खेळायला पळाली.

पुढचं तर कुणाला सांगू नका. महिनाभराने त्याच ‘नॅचरल’ चिरंजीवांना रात्री भलत्या जागी खाज सुटायला लागली. झोप नाही, चिडचिड. आजींचं निदान : दात खातो, तोंडावर पांढरे डाग आहेत, म्हणजे जंतच. डॉक्टर म्हणाले, दात खाण्यावरून आणि डागांवरून काही ठरत नाही, रात्रीची खाज मात्र महत्त्वाची. सकाळी अंघोळीआधी पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी लावून आणायला सांगितली. काचेखाली अंडी सापडली. सूतकृमी! अख्ख्या सोसायटीतला पहिला सिद्ध झालेला जंत, आणि तो कुठल्या घरात निघावा!

सूतकृमीची अंडी नखांत, चादरीत, उशीच्या अभ्र्यावर राहतात. म्हणून एकट्या पोराला औषध देऊन भागत नाही. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना गोळी लिहून दिली, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. नखं कापा, चादरी गरम पाण्यात धुवा. आजींनी गोळी पाण्याबरोबर घेतली. वैनींनी चावली की गिळली, ते कळलं नाही, कारण त्या दिवशी ग्रुपवर फोटो आला नाही.

आता म्हणे त्यांनी जंतांचा नाद सोडलाय. नवीन डबी मागवलीय, ‘हेवी मेटल डिटॉक्स’ची. अंगातले जड धातू काढून टाकायचे. जळगावात! जिथे जड धातू अंगावर चढवायला अख्खा महाराष्ट्र रांग लावतो!