मामा तलाव आणि मामा गिऱ्हाईक

गोंदिया जिल्ह्यात मामा दोन प्रकारचे. पहिले तलाव. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरे जोडून त्यांचे मामा झाले. दुसरे मामा घराघरांत, भिंतीवरच्या निळ्या दिव्याच्या, पाणी गाळणाऱ्या आरओ यंत्राकडे भक्तिभावाने बघत बसलेले सापडतात. पहिले मामा उभे करायला कोहळी समाजाच्या पिढ्या खपल्या. दुसरा मामा दहा मिनिटांत बनतो. विक्रेता दोन ग्लास मागतो. एकात घरच्या बोअरचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. पिशवीतून लोखंडी कांड्यांचे उपकरण निघते, पिन बोर्डात जाते आणि बघता बघता बोअरच्या पाण्यावर तपकिरी, हिरवट साय धरते. यंत्राचे पाणी जसेच्या तसे. एवढी वर्षे आपण हे पीत होतो, या विचाराने घरातले चेहरे उतरतात आणि हप्त्याचा कागद पुढे सरकतो. वास्तविक तो रंग कांडीच्या गंजाचा. क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते म्हणून लोखंड झिजते. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, म्हणून कांडी शाबूत. म्हणजे घाण बोअरमधून आलेली नसून विक्रेत्याच्या पिशवीतून आलेली असते. यंत्राच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकले तर तेही तपकिरी होईल, पण प्रयोग तेवढा पुढे नेण्याची घाई कोणालाच नसते.

आता ज्याची एवढी धास्ती, ते बोअरचे जड पाणी म्हणजे काय? त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, बस. जिल्ह्याचा बराचसा भाग कठीण खडकाचा. बोअरचे पाणी त्याच्या भेगांत मुरत पडते आणि दगड चाखत राहते. त्यामुळे साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी रेघ धरते, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही दात दाखवते आणि हिटरच्या रॉडवर अंड्याच्या टरफलासारखी खपली चढते. हा त्रास खरा आहे, पण तो साबणाला, डाळीला आणि रॉडला आहे, पिणाऱ्याला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. आपले भारतीय मानक लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी पसंत करते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. तरी आपण करतो काय? ज्याला त्रास नाही त्या पिण्याच्या पाण्यासाठी आरओ घेतो आणि रॉड, डाळ, साबण यांना बोअरच्याच हवाली ठेवतो. आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. काढलेले क्षार त्या तीन लिटरांत कोंबलेले असतात, म्हणजे ते पाणी मूळ पाण्याहूनही जड. काटकसरी घरात त्यानेच फरशी पुसली जाते आणि फरशीवर पांढरे डाग का पडतात याचा शोध सुरू होतो. पुढे ‘मिनरल’ची नळकांडी येते. काढलेले कॅल्शियम ती चमचाभर परत घालते आणि त्याचे पैसे वेगळे.

मुतखड्याचा आक्षेप ठरलेलाच. भांड्याच्या बुडाशी खडा दिसतो, तर पोटातही तसाच साचत असणार, हे आपले घरगुती वैद्यक. जड पाण्याने मुतखडा होतो हे काही पुराव्याने सिद्ध झालेले नाही. लघवी दाट होणे हा मात्र धोका नक्की, म्हणून डॉक्टर रुग्णाला पाणी वाढवायला सांगतात. केस राठ होतात, हे मान्य. त्याला कारण साबणाचा चिकट थर. दुसरा आक्षेप वजनदार आहे: पाण्यात फ्लोराइड असले तर? पूर्व विदर्भातल्या काही भागांत ते आहे, आणि तिथे आरओ चैन नसून गरज आहे. पण ते विक्रेत्याच्या टीडीएस मीटरवर दिसत नाही, कारण तो सगळे क्षार एकाच आकड्यात मोजतो. त्याला फ्लोराइडही कळत नाही, जंतूही कळत नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करायला सांगितले होते. तो आदेश घराघरांत पोचला नाही. मीटर पोचला.

मग जड पाण्याचे करायचे काय? ज्या पाण्याचा जडपणा बायकार्बोनेटचा, ते उकळून निवू द्यावे; क्षार तळाशी बसतो, वरचे ओतून घ्यावे. रॉडची खपली लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये सुटते. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा नाही. गिझर, वॉशिंग मशीन महाग असेल तर मिठावर चालणारा सॉफ्टनर त्या नळापुरता लावावा. आणि सर्वांत हलके पाणी तर आभाळातून फुकट येते. जिल्ह्यात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचशे चौरस फुटांच्या छपरावरून पन्नास हजार लिटरांहून जास्त पाणी वाहून जाते. कोणी म्हणेल, पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही, छप्परही घाण असते. खरे आहे. पहिल्या सरी सोडून द्याव्यात, पुढचे टाकीत धरावे. डाळीला आणि धुण्याला दिवाळीपर्यंत पुरले तरी पुष्कळ झाले. कोहळ्यांचे तलाव तरी दुसरे काय होते? पावसाचेच पाणी, दगड चाखायला वेळ मिळण्याआधी अडवलेले. त्यांनी ते धानासाठी अडवले, आणि आपण त्याच गावात दोनशे फूट खाली जाऊन दगडाचा रस काढतो.

यंत्र घ्यायचेच असेल तर घ्या, पण आधी मोजून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचे प्रशिक्षण आणि तपासणीची पेटी द्यायची योजना आहे. तीत जडपणाही कळतो, फ्लोराइडही. आपल्या ग्रामपंचायतीत ती पेटी कुठल्या कपाटात आहे, एवढे उद्या विचारून या.