तुमाले नाही, फोनवर!

मेहकरात कुणी "काय म्हणता?" असं विचारलं, की उत्तर द्यायचं असतं. विचारणारा ओळखीचा आहे की नाही हे नंतर पाहता येतं. "काही नाही, चाललं" म्हणेपर्यंत बहुतेक वेळा ओळख लागतेच. नाही लागली तर त्याचं गाव विचारायचं, गावावरून आडनाव, आडनावावरून सोयरेधायरे. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला समोरचा माणूस आपल्या कुणाच्या तरी साडूचा चुलतभाऊ निघतो. ही पिढ्यान् पिढ्यांची रीत मोडली कुणी, तर भाऊंनी.

भाऊंचं नाव सांगत नाही. लाजेखातर नव्हे, एकच भाऊ असते तर सांगितलंही असतं. प्रत्येक गल्लीत एक, बसस्टँडवर चार आणि बाजाराच्या दिवशी मोजता येणार नाहीत इतके. वय तिशी ते साठी. गळ्यात काळा नेकबँड, त्याच्या टोकाला दोन बोंडं. एक कानात, एक छातीवर लोंबतंय. पोळ्याला बैलाच्या गळ्यात माळ घालतात, तसा तो पहिल्या दिवशी हौसेनं घातलेला असतो. फरक इतकाच की पोळा फुटल्यावर बैलाची माळ उतरते.

माझी आणि भाऊंची पहिली गाठ मेहकरच्या स्टँडवर पडली. मी बुलढाण्याच्या गाडीची वाट पाहत उभा. मागून एकदम आवाज आला, "अरे लेका! काय हाल हाय? कुठी होता इतके दिवस?" आवाजात इतकं प्रेम, की मी वळून सगळं सांगायला लागलो. पुण्याला पोरीकडे होतो, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता बरं आहे पण जिना चढवत नाही. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, एक बोट कानाकडे नेलं आणि म्हणाले, "तुमाले नाही, फोनवर."

तोवर माझा गुडघा सांगून झाला होता. सांगितलेला गुडघा परत घेता येत नाही. बाजूच्या बाकावरच्या मावशींनी तो उचलला आणि मला निरगुडीचा पाला बांधायला सांगितला.

फोनवर बोलणारा माणूस पूर्वी लांबूनच ओळखू यायचा. एक हात कानाला, मान वाकडी, नजर भलतीकडे. तो हात म्हणजे पाटी होती: मी आत्ता इथे नाही. भाऊंचे दोन्ही हात मोकळे असतात. एका हातानं ते तंबाखू मळतात, दुसऱ्यानं समोरच्याला, म्हणजे जो समोर नाहीच त्याला, हातवारे करून बांध कुठून कुठे गेला ते दाखवतात. ज्याला दाखवतात तो बसलेला असतो चाकणला. बांध दिसतो आम्हाला.

त्याच्याही आधी एसटीडीची खोपटी होती. पिवळी पाटी, काचेचं दार, आत एक स्टूल आणि लाल आकड्यांचं मीटर. माणूस आत शिरला की दार लावून घ्यायचा आणि बाहेरच्यांना फक्त त्याचे ओठ दिसायचे. मीटर पळायचं म्हणून बोलणंही पळायचं: "बाबा बरे हायेत, पैसे पाठव, ठेवतो." मोबाइल आला तेव्हाही सुरुवातीला हीच काटकसर होती. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रातले दूरसंचारमंत्री सुखराम बोलले. त्या काळात आलेल्या फोनचेही पैसे पडत, त्यामुळे घंटी वाजली की माणूस आधी घाबरायचा. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले, २०१६ मध्ये जिओ आलं आणि बोलण्याला मोलच उरलं नाही. मीटर गेलं, मग काचेचं दार गेलं, आता हातही गेला. खोपटी तेवढी शिल्लक आहे; फक्त ती सगळ्या मेहकराएवढी झाली आहे आणि आपण सगळे तिच्या आत आहोत.

लांबच्याशी संधान बांधण्याची हौस आमच्या गावाला मात्र जुनीच. कंचनीच्या महालाची गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ असते. लोणारच्या विवरातल्या कमळजा देवीचा दिवा आपल्या माडीवरून दिसावा, म्हणून तिनं महाल उंच-उंच चढवला म्हणे. लोणार इथून वीस-पंचवीस किलोमीटर. रेंज मिळावी म्हणून मजला चढवणारी ती मेहकरची पहिली बाई. पण तिनं आरडाओरड केल्याचं गोष्टीत कुठेही नाही.

भाऊ का ओरडतात, याचा मी बराच विचार केला. स्वभाव म्हणावा तर घरी ते बायकोपुढे अगदी हळू बोलतात. मग कळलं की दोष थोडा यंत्राचाही आहे. जुन्या फोनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत सोडलेला असे. इंजिनियर लोक त्याला साइडटोन म्हणतात. आपण किती मोठ्यानं बोलतोय हे माणसाला त्यावरून समजायचं. कानात रबरी बोंड घट्ट बसवलं आणि हा परतीचा आवाज नीट मिळाला नाही, की बोलणाऱ्याला वाटतं आपण कुजबुजतोय. त्यात भोवती गलका असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ सालीच सांगून ठेवलंय. लोंबारसाहेबांनी आमची एसटी पाहिलेली नव्हती. सैल काचा, दुसऱ्या गिअरमध्ये रडणारं इंजिन आणि भाऊ, असं तिन्ही एका जागी मिळालं असतं तर त्यांचं काम दुपारपर्यंत उरकलं असतं.

भाऊंचा नेकबँड ज्यावर चालतो, त्या ब्लूटूथचं नाव एका राजाचं आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कचा हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होता; वेगवेगळी माणसं एका छत्राखाली आणली म्हणून यंत्राला त्याचं नाव दिलं. एक दात किडून निळा-काळा पडला होता, त्यावरून त्याला हे टोपणनाव पडलं असं सांगतात. तेवढं साम्य भाऊंच्यातही आहे. त्यांचा दात तंबाखूनं रंगलाय, आणि वेगवेगळी माणसं एका छत्राखाली तेही आणतातच, मात्र त्या माणसांना न विचारता.

बालाजीच्या देवळातला प्रसंग सांगायलाच हवा. शारंगधर बालाजीची ही काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीखाली सापडली. तिच्यासमोर उभं राहिलं की बोलणारा माणूसही आपसूक गप्प होतो. भाऊ हात जोडून, डोळे मिटून उभे होते. आवाज गहिवरलेला. "हात जोडतो तुमाले. लय चुकलं माझं. पंधरा दिवस द्या फक्त, सगळं फेडतो." शेजारच्या एका बाईंनी पदर डोळ्याला लावला. एवढी कळवळून केलेली प्रार्थना अलीकडे कुठे ऐकू येते? देवानंही मनावर घेतलं असतं. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "ते जीएसटी धरून सांगून राहिले का सोडून?"

आता बसचं सांगतो. मूळ गोष्ट तीच, बाकी सगळी वळणं होती.

बुलढाण्याची गाडी लागली. माझ्या पुढच्या बाकावर खिडकीशी धोतर-टोपीतले एक बाबा आणि त्यांच्या शेजारी हे आमचे भाऊ. गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आत भाऊ म्हणाले, "राम राम! तब्येत कशी हाय?" बाबा टोपी सावरून म्हणाले, "आता काय, वयामानानं चालायचंच." भाऊ म्हणाले, "तुमाले नाही बाबा, फोनवर." बाबा ओशाळले. काही वेळानं भाऊ म्हणाले, "औंदा सोयाबीन कसं झालं?" हा प्रश्न असा आहे, की आमच्या भागातला शेतकरी झोपेतसुद्धा त्याचं उत्तर देतो. बाबांनी एकरी उतारा सांगितला, शेंगा भरायच्या वेळी पडलेला खंड सांगितला, भावाचं रडगाणं सुरू केलं. "तुमाले नाही ना बाप्पा!" भाऊ या खेपेला जरा चिडलेच. बाबांनी तोंड खिडकीकडे केलं ते कायमचं.

मग कंडक्टर आले. "कुठं?" भाऊ म्हणाले, "बुलढाणा." आणि लगेच, "चार! चार सांगजो त्यायले!" कंडक्टरनं यंत्रावर टकाटक बटणं दाबली आणि बुलढाण्याचं चार जणांचं तिकीट काढून हातात ठेवलं. "आवो, मी एकटाच हावो!" "तुम्हीच म्हणले चार." "ते एकर होते! पोराचं वावर सांगत होतो, चार एकर!" पुढे जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच, की तिकीट माघारी घेता येणार नाही यावर कंडक्टर ठाम होते आणि वावर कमी करता येणार नाही यावर भाऊ.

पण त्या चार एकरांनी सगळ्या बसचे कान टवकारले. ही सोयरीक होती तर! भाचा पुण्यात कंपनीत, पोरगी चिखलीकडची, आणि भाऊ मध्यस्थ. आमच्याकडे आजकाल पोराला पोरगी मिळवणं काय असतं, ते ज्याच्या घरी तिशीतला मुलगा आहे त्याला विचारा. पोरीकडच्यांना नोकरी पाहिजे, ती पुण्यातच पाहिजे, वर शेतीही पाहिजे. जावई मात्र शेतकरी नको.

दुसऱ्याच्या फोनचं आपल्याला अर्धंच ऐकू येतं, त्रास त्याचाच जास्त होतो. दोन माणसं शेजारी बोलत असतील तर आपण डुलकी काढू शकतो. एकच बाजू ऐकू आली की डोकं दुसरी बाजू रचत बसतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली प्रयोग करून हे दाखवलं. आमच्या बसमध्ये तोच प्रयोग चालू होता, फक्त इथे माणसं दुसरी बाजू मनात न रचता मोठ्यानं रचत होती.

"नाही हो, दारूचं नावच नाही," भाऊ म्हणाले. मग थांबले. "म्हणजे... लग्नाकार्यात."

"पोरीच्या मामानं पुण्यात चौकशी केली वाटते," मागच्या बाकावरच्या काकू म्हणाल्या.

"एकोणतीस." पुन्हा थांबणं. "बरं, एकतीस चालू हाय."

"टीसी पाहिली त्यायनं," काकूंच्या शेजारीण म्हणाल्या.

"फ्लॅट? हो, फ्लॅट हाय ना." बरीच शांतता. "भाड्यानंच, पण मोठा हाय."

हिवरा आश्रम गेलं तेव्हा चढणारी-उतरणारी माणसंसुद्धा दबक्या पावलांनी हलत होती. नव्यानं चढलेल्या एका गुरुजींना काकूंनी दोन वाक्यांत मागची कथा सांगितली. दारातल्या एका पोरानं मोबाइलवर गाणं लावलं, तर चार जण एकदम "श्श!" म्हणाले. मुंबईत बेस्टनं एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय गाणी-व्हिडिओ लावायला आणि मोबाइलवर मोठ्यानं बोलायला बंदी घातली. आमच्या गाडीत त्या दिवशी पहिला अर्धा नियम प्रवाशांनीच लागू केला. दुसरा अर्धा कुणाला नको होता.

खरं सांगायचं तर मलाही नको होता. घरून निघताना मी एक मासिक सोबत घेतलं होतं. ते उलटं धरलंय हे मला लव्हाळ्याच्या पुढे लक्षात आलं.

भाऊ आता उभेच राहिले होते. "पाहा, मी स्पष्ट बोलतो. पोराले काही नको. पोरीनं नोकरी केली तरी चालते, नाही केली तरी चालते. आता तुमी फक्त हो म्हणा." सगळी गाडी गप्प. ड्रायव्हरनंसुद्धा, मला वाटतं, वेग कमी केला. भाऊंचा चेहरा उजळला, मग पडला, मग गोंधळला. "हॅलो? हॅलो! काय म्हणले?... हॅलो!"

त्यांच्या गळ्यातून टुंग टुंग असा बारीक आवाज आला आणि नेकबँडचा लाल दिवा विझला. फोन खिशातून काढून पाहिला तर तोही काळा.

"काय म्हणले ते?" काकूंनी विचारलं.

"'आमची हरकत नाही, पण' एवढंच ऐकू आलं," भाऊ म्हणाले. "पणच्या पुढचं गेलं."

त्या 'पण'वर गाडीत चर्चा सुरू झाली. गुरुजींच्या मते 'पण' पत्रिकेचा होता, काकूंच्या मते फ्लॅटचा. कंडक्टर चार तिकिटांचं भांडण विसरून म्हणाले, "वावर कुणाच्या नावावर हाय ते विचारलं असेल." कुणी चार्जर शोधू लागलं, कुणी आपला मोबाइल पुढे केला, पण नंबर भाऊंना पाठ नव्हता. नंबर कुणाला पाठ असतो आजकाल? चिखली जवळ येत होती. पोरीकडचे म्हणे स्टँडवरच भेटायला थांबले होते आणि खाली उतरताच हो का नाही, ते भाऊंना सांगायचं होतं.

भाऊ खाली बसले. दोन्ही कानातली बोंडं काढली. प्रवासात पहिल्यांदाच त्यांनी शेजारी नीट पाहिलं. टोपी, पांढऱ्या मिशा, चार लग्नं लावून दिल्यासारखा शांत चेहरा. भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाबा, तुमी काय म्हणता? घाई करू का दोन दिवस मागू?"

बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले.

"बाबा, काही तं सांगा. तुमाले जास्त समजते."

बाबांनी मान जराशी मागे वळवली, भाऊंकडे नव्हे, माझ्याकडे. आणि बोट आपल्या कानाजवळ नेऊन म्हणाले, "फोनवर हाय तो."